भोंग्याची पावलं

मामा गेले त्याला दीड महिना झाला, आणि मामींच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. येत नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार? सकाळी उठायचं, दवाखान्याच्या धुलाईखान्यात जायचं, गरम चादरींच्या कोपऱ्याला कोपरा जुळवून घड्या घालायच्या आणि संध्याकाळी परत यायचं. भेटायला येणाऱ्या बायका त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायच्या आणि काहीच घडत नाही म्हटल्यावर चहा पिऊन जायच्या. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल होतो ना, तशा मामी आतून बधिर झाल्या होत्या.

मामांचा फोन मात्र त्यांनी बंद पडू दिला नव्हता, कारण त्यात भोंग्या होता.

भोंग्या म्हणजे फोनवरच्या एका खेळातला प्राणी. कान सशाचे, शेपटी खारीची, पोट अस्वलाच्या पिल्लाचं. असलं काही खरोखर जन्माला येत नाही तेच बरं, नाहीतर लोकांनी कामधंदे सोडले असते. त्या खेळात असे शेकडो प्राणी रस्तोरस्ती पकडायचे असतात, पण सोबती म्हणून एकच पाळता येतो, आणि तो धन्याच्या पावलांवर जगतो. धनी चालला की याचे गाल गुलाबी होतात आणि हा आनंदाने पीं करून ओरडतो. धनी बसून राहिला की याचे कान पडतात.

मामा शहरबसचे ड्रायव्हर. हृदयाने कुरबुर सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज सहा हजार पावलं, तीही सावकाश. मामांना चालणं जिवावर यायचं. म्हणून भाचीने हा खेळ त्यांच्या फोनवर घालून दिला. "मामा, आता एक जीव तुमच्यावर अवलंबून आहे, लक्षात ठेवा!" प्राण्याचं नाव मामांनीच ठेवलं, बसच्या भोंग्यावरून.

आणि काय सांगावं, दुसऱ्याच आठवड्यात पावलं पंधरा हजारांवर गेली! "अहो, पायाला भिंगरी लागली की काय?" मामी विचारायच्या. "ड्यूटी संपली की डेपोभोवती फेऱ्या मारतो," मामा म्हणायचे. मामी रोज दारातच त्यांच्या हातातून फोन घ्यायच्या. गाल गुलाबी दिसले की खूश. सगळ्या धुलाईखान्याला त्यांनी हे कौतुक सांगितलं होतं. एकदा मामा म्हणाले, "आज जरा दमल्यासारखं वाटतंय गं." तर मामींनी उडवून लावलं, "वीस हजार करा, आपोआप जाईल!" चार दिवसांनी मामा डेपोतल्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत.

तेच वाक्य मामींच्या डोक्यात फिरत होतं. डॉक्टरांनी सहा सांगितले होते, मी वीस सांगितले. मीच त्यांना चालवून चालवून मारलं. हे त्या कुणाशी बोलल्या नाहीत. घड्या घालत राहिल्या.

आता फोन त्यांच्या खिशात असायचा. दिवसभर उभ्याने काम, वर घरी चालत जाणं, तरी आकडा नऊ हजारांपुढे सरकेना. भोंग्याला पंधराची सवय लागलेली. संध्याकाळी त्याचे कान पडलेले बघून मामींनी इमारतीभोवती फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे अकरा झाले, आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरले. मग एका चादरीची घडी घालता घालता त्यांचा हात थांबला. मी दिवसभर पायांवर असते तरी नऊ. ते दिवसभर स्टिअरिंगमागे बसून पंधरा कुठून आणायचे?

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या डेपोत गेल्या. मामांच्या रोजच्या जेवणाचा सोबती, डेपोचा मेकॅनिक, एका बसखालून बाहेर आला.

"या वहिनी, बसा."

"बसायला नाही आले. ते रोज कुठे चालायचे, तेवढं दाखवा मला."

"कोण, दादा? चालायचे?" मेकॅनिकने बराच वेळ हात पुसले. मग तो त्यांना मामांच्या बसमध्ये घेऊन गेला. गिअरच्या दांड्याला ट्यूबची रबरी पट्टी बांधलेली होती. "इथे अडकवायचे फोन. इंजिन चालू झालं की दांडा थरथरतो, आणि फोनला वाटतं माणूस चालतोय. युक्ती माझीच, वहिनी. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

"म्हणजे ते चालायचेच नाहीत?"

"कॅन्टीनपर्यंत. तेही कुरकुरत."

म्हणजे आपण मारलं नाही. आता छातीवरचा धोंडा उतरेल म्हणून मामी वाट बघत उभ्या राहिल्या. काहीच उतरलं नाही. "चांगलीच शेंडी लावली की मला," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या.

"फसवायला नाही हो! शेवटी शेवटी पाय इतके सुजायचे की बुटात जायचे नाहीत, चपलांवर गाडी चालवायचे. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, दादा, घरी सांगा. तर म्हणाले, 'मी घरी गेलो की ती आधी याचं तोंड बघते. हा हसला की ती हसते. दिवसभर ओझी उचलून आलेली असते रे, तिला कशाला घोर?'"

"पाय सुजायचे?"

"तुम्हाला दिसलं नाही?" मेकॅनिक बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. काहीतरी करायचं म्हणून त्याने मामींच्या हातातला फोन घेतला. "उपाशी दिसतोय बिचारा. लावू जरा वेळ?" उत्तराची वाट न बघता त्याने फोन पट्टीत अडकवला आणि इंजिन सुरू केलं. दांडा थरथरला. पावलं धावू लागली. भोंग्याचे कान उभे राहिले, गाल गुलाबी झाले.

मामी पहिल्या सीटवर बसल्या आणि शेवटची संध्याकाळ आठवू लागल्या. दार उघडलं. मामा आत आले. पायात काय होतं? चपला होत्या? तोंड पांढरं होतं? त्यांनी आदली संध्याकाळ आठवून पाहिली, मग त्याच्याही आदली. दर वेळी दार उघडायचं, एक हात पुढे यायचा, त्या हातात फोन, आणि फोनमध्ये भोंग्या हसत असायचा. हाताच्या वर काहीच नव्हतं.

"बंद करा ते," मामी म्हणाल्या. "मला त्यांचं तोंड आठवू दे."

मेकॅनिकने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून उभा राहिला. मामी डोळे मिटून बराच वेळ तशाच बसून होत्या, आणि त्यांना भोंग्याच दिसत होता.