नळावरची चमकी

दादा-वहिनी बाळाला हॉस्पिटलमधून घरी आणणार, आणि इकडे घरभर चमकी.

नीट सांगतो. बाळाला ताप आला, ॲडमिट करावं लागलं. इन्फेक्शन कुठून झालं ते डॉक्टरलाही सांगता येईना. पण दादाला कुणावर तरी राग काढायचा होता, तो मुंगीवर काढला. मुंगी म्हणजे माझी पुतणी. दुसरीत आहे, एका जागी टिकत नाही म्हणून मुंगी. "शाळेतून आलीस ती तशीच त्याच्या गालाला हात लावलास!" एवढंच म्हणाला. तेव्हापासून ती पाळण्याच्या खोलीत पाऊल टाकत नाही. पाळणा रिकामा आहे, तरी नाही.

आज सकाळी माझ्यापुढे उभी. "काका, हात पुढे कर."

"का? भविष्य बघतेस?"

"गप्प बस. बाईंनी प्रयोग शिकवलाय. ही चमकी म्हणजे जंतू."

माझ्या तळव्यांना तेल चोळलं, वर चमकी ओतली. "आता रोजच्यासारखा वाग."

रोज मी काय करतो? फोन बघतो. फ्रिज उघडतो, काही न घेता बंद करतो. परत फोन. मग नळ सोडला, साबणाने खसाखसा हात धुतले, नळ बंद केला.

ती टॉर्च घेऊन माझ्या मागे. फ्रिजवर चमकी. बटणांवर, कडीवर. माझ्या नाकावरसुद्धा.

"पाळण्यावर पण!" दारातूनच ओरडली. आत नाही गेली.

"मी हातच नाही लावला पाळण्याला!"

"पाळण्यामागचा चार्जर काढताना धरलास. मी बघत होते."

धरला असेल. आठवतसुद्धा नाही.

"आता धुतलेले हात दाखव."

ऐटीत दाखवले. तळव्यावर ठिपके चमचमत होते. परत धुतले, परत तेच. साबणच बोगस की काय! मुंगी मात्र नळाकडे बघत होती.

"घाणेरड्या हाताने सोडतोस आणि धुतलेल्या हाताने तोच बंद करतोस." मग एकदम हळू आवाजात, "म्हणजे बाळाला मी नाही ना आजारी पाडलं?"

नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या पोरीला थापा काय मारणार? "माहीत नाही गं. तू असशील, मी असेन, बाबा असेल. त्या दिवशी कुणी चमकी लावून फिरत नव्हतं."

तिने बाह्या ओढून हात आत घेतले.

तेवढ्यात दादाचा फोन. निघालोय म्हणाला. माझी तंतरली. ओलं फडकं घेऊन सुटलो. पाळणा, कडी, बटणं, फरशी. चमकी पुसली की निघत नाही, नुसती पुढे सरकते. गाडीचा आवाज आला की खिडकीत, ते नसले की परत फडकं.

बेल वाजली. वहिनीच्या हातात बाळ, गुंडाळलेलं. दादा सरळ बेसिनवर गेला, हात धुतले, नळ बंद केला, बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"बाबा, थांब!"

मुंगीने टॉर्च मारला. दादाच्या तळव्यावर चमकी. नळच पुसायचा राहिला होता माझ्याकडून.

"चमकी?" वहिनीने माझ्यावर डोळे वटारले. "आजच सुचलं तुम्हा दोघांना?"

"हे काय आहे?" दादाने विचारलं.

"जंतू. खोटे आहेत. पण खरे पण असेच येतात, नळावरून." मुंगी म्हणाली. "त्या दिवशी मी हात धुतले होते, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस."

आता हा भडकणार, असं वाटून मी दोघांच्या मध्ये सरकलो. दादा तळव्याकडेच बघत होता. मग बेसिनवर गेला, साबण लावून आधी नळ धुतला, मग हात.

"ये, तू पण धू."

"मी नाही घेणार त्याला."

"नको घेऊस. धू तर खरं."

तिने धुतले. बराच वेळ. वहिनी बाळाला घेऊन खाली वाकली. मुंगी ओले हात पुढे धरून उभी, थेंब गळतायत.

"परत ताप आला तर?"

"आला तरी तुझ्यामुळे नाही," दादा म्हणाला.

तिने एका बोटाने बाळाची टाच दाबली, लगेच मागे सरकली. मग परत पुढे.