खालच्या खोलीतला हिरवा ठिपका

सुनेला स्वतः रचलेली धून संध्याकाळी स्टुडिओला द्यायची होती आणि तिच्यात काहीतरी सकाळपासून खुपत होतं. त्यात पडद्यावर तो हिरवा ठिपका! घरातली वाद्यं नेटवर्कवर जोडणारं सॉफ्टवेअर सांगत होतं, की खालच्या खोलीतला कीबोर्ड कुणीतरी वाजवतंय. खाली तर चिडीचूप. तिने केबल उपसली, खोचली, सॉफ्टवेअरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ठिपका आपला लुकलुकतोच आहे.

शेवटी वैतागून तिने पडद्यावर रेघ ओढली, तो कीबोर्ड आपल्या पियानोच्या आवाजाला जोडला आणि हेडफोन चढवले. तिचीच धून! "याला चाल म्हणतात?" असं सकाळी नाक मुरडणाऱ्या सासूबाई आवाज बंद करून तीच घोटत होत्या. आणि दर वेळी एकाच जागी चुकत होत्या.

तिला राहवेना. जिन्यातून ती ओरडली, "आई, तिथे काळी पट्टी!"

"काळीनेच तर माती होतेय! पांढरी घेऊन बघ. सकाळीच सांगणार होते, पण तू ऐकून घेतेस कुठे?"

तणतणत वर जाऊन तिने पांढरी दाबली. खुपणं गेलं.

"जमलं का गं?" खालून हाक आली.

तिने हेडफोनची पिन उपसली, दार सताड उघडलं आणि धून पहिल्यापासून वाजवली.