दहातलं दोन

मे महिन्याचं ऊन हिरव्या पडद्यातनं गाळून शालनच्या तळपायांवर पडलं हुतं, आणि तिला ते कळत नव्हतं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं सगळं झोपवलेलं. पोट फाडून पोरगी काढली तवा ही जागीच. "अवो, हे कुणाचं पाय ठेवल्यात हितं?" म्हणाली आणि हसली. मुशीत सोनं वितळून पहिल्यांदा हलतं तसं तिचं हसणं. आवाज न्हाई, नुसता उजेड.

मी सोनं गाळणारा गलाईवाला. चौथीत दोनदा नापास, पण चेन्नईत राहून तमिळ येतं ह्याचा माज केवढा. शालनला गावाकडनं येऊन वरीसबी झालं नव्हतं. त्यामुळं दवाखान्यात कुणी तिला काय विचारलं की मधी मी.

सांजेला पायात जीव आला, त्याच्या मागनं दुखणं आलं. सिस्टर म्हणाली, "दहातलं किती दुखतंय, विचार तिला."

शालन दात आवळून म्हणाली, "नऊ सांगा. धा सांगितलं तरी चालंल."

मी सांगितलं, दोन. आईनं फोनवर बजावलं हुतं, दुखण्याचं औषध दुधात उतरतं, लेकराला बाधतं. वर फुशारकी, आमच्याकडच्या बायका लई कणखर. सिस्टर हसली, मीबी हसलो.

दोन दिवस शालनची बोटं खाटेच्या दांड्यावर पांढरी पडलेली. पोरगी रडली की कुशीवर वळायला जायची, अर्ध्यातच थिजायची. ज्या दुधासाठी मी शहाणपणा केला, ते तिला पाजताच येईना. डब्यातलं दूध चमच्यानं मीच पाजलं.

तिसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाजवळ नुसता हात नेला, तिचं तोंड बघितलं, मग माझं. "हे दोन?" मी आईचं सांगितलं. "अरे, लेकराला चालतं तेच औषध देतो आम्ही. विचारायचं तरी."

शालनला बोलणं कळलं न्हाई. बाईंनी वर धरलेली दोन बोटं कळली.

"तुमी दोन सांगितलं?" एवढंच म्हणाली.

सुईनंतर तासाभरानं ती वळली, पोरीला जवळ घेतलं. पाठ माझ्याकडं.

पोरगी आता पाच वर्सांची. शालन तमिळ फाडफाड बोलती, माझंच सुधारती. औषधाच्या दुकानात कुठं, किती दुखतंय ते स्वतः सांगती. मी मागं पिशवी धरून उभा. घरी विचारलं तर, "काय न्हाई." शेजारी ती रोज असती, तिचं दुखणं तेवढं माझ्यापासनं उठून गेलंय, आणि वर्सं सरत्यात तशी त्या रिकाम्या जागंची सवय काय हुईना.