मिरीच्या वेलीचे आठ दिवस

मित्रांनो, मी वेळणेश्वरच्या एका नारळी-पोफळीच्या आगरातली जुनी मिरीची वेल आहे. तीस वर्षांपूर्वी यमुनाबाईंनी माझी फांदी पोफळीच्या बुंध्याशी लावली. तुमची सर्दी माझ्या मिरीने पळते, पण नाव मात्र काढ्याचं होतं. असो.

न्हाणीघराचं पाणी पाटाने माझ्या मुळाशी येत असे. उन्हाळ्यात मी त्याच पाण्यावर जगले. पण भर पावसातही तो पाट कोणी वळवला नाही. गेल्या श्रावणात माझी मुळं चिखलात बुडाली. शेजारची वेल चार दिवसांत काळी पडून मेली आणि माझ्याही खालच्या पानांवर काळे डाग उमटले. मी फार घाबरले.

आगरात काम करणारे आत्माराम कोयता घेऊनच यमुनाबाईंकडे आले.

"ही पण गेली, काकी. आजच तोडून जाळूया, नायतर बाकीच्या वेली पण जातील."

 यमुनाबाईंची सून योगिनी शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "आत्मारामदादा, आठ दिवस द्या. डाग वाढतोय का ते बघू."

तिने पेनाने एका डागाभोवती रेघ काढली. त्या रेघेवर माझा जीव टांगला होता.

मित्रांनो, मला काही औषध आणायला चिपळूणला जाता येत नाही. ते मलाच तयार करावं लागतं. रोग शिरताच माझ्या पानांत सॅलिसिलिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढू लागलं. डागाभोवतीच्या पेशींनी स्वतः मरून रोगाची वाट अडवली. धोक्याचा निरोप शिरांमधून वर गेला आणि निरोगी पानंही लढायला सज्ज झाली. सगळी ताकद तिकडेच गेली. पालवी थांबली, मिरीचे कोवळे तुरे गळाले.

सहा दिवस डाग रेघेच्या आत राहिला. सातव्या दिवशी दुसऱ्याच पानावर नवा डाग दिसला. योगिनी खाली वाकली. तिचा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला.

"आई, न्हाणीचं पाणी पावसात पण इथेच येतं?"

"ह्यांनी काढलेला पाट आहे गो तो. ते गेल्यापासून मी त्याला हात लावला नाही."

वर मी झुंजत होते आणि खाली पाणी रोगाला वाट करून देत होतं. यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः कुदळ घेतली आणि पाट दुसरीकडे वळवला. 

आठव्या दिवशी आत्मारामांनी एकेक पान उलटून पाहिलं. जुने डाग कोरडे पडले होते, कालच्या डागानंतर नवा एकही उमटला नव्हता. त्यांनी फक्त डागाळलेली पानं खुडली आणि कोयता कमरेला अडकवला.

मित्रांनो, झाड आजारी दिसलं तर आधी त्याच्या मुळाशी वाकून बघा. ते आपल्या परीने लढत असतं, पण पाट वळवणं काही त्याच्या हातात नसतं.

त्या वर्षी मी मिरीचा एक दाणाही दिला नाही. यमुनाबाई माझ्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, "राहू दे गो. तू आहेस ना, पुरे."