एक स्वल्पविराम एकशे साठ

डोकं नुसतं भंजाळलंय माझं. आकडा एकच, कागद एकच, आणि अर्थ दोन! आम्हाला इथे दक्षिण आफ्रिकेत शाळेत शिकवलं, पूर्णांक संपला की स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे अपूर्णांक लिहायचा. आमच्या एमालाहलेनी गावात दूधवालासुद्धा दीड लिटर ‘१,५’ असंच लिहितो. मग बॉयलरच्या राखेत शिसं ‘१,१६०’ आलं, तर मी ते एक आणि वर थोडंसं असंच वाचणार ना? पाळणाघरवाल्यांची अट होती किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत. प्रयोगशाळेच्या अहवालावर मी शेरा मारला, चालेल.

त्या राखेच्या विटा माझी थोरली मावशी करते. आम्ही तिला मामखुलू म्हणतो. तिच्या हाताखाली अकरा बायका. त्यांच्याच विटांची जमीन पाळणाघरात झाली आणि सोमवारपासून पोरं तिच्यावर रांगायला लागली.

आज बुधवारी डिकेलेदी सिसी, म्हणजे ताई, दीड महिन्याच्या रजेवरून आली. प्रयोगशाळेत माझ्याहून जुनी, जीभ तिखट.

“बोंगा, हे एक काय आहे रे? आपल्या राखेत तीसच्या खाली शिसं तू जन्मात पाहिलंयस का?”

“कमी आलं तर चांगलंच ना, सिसी?”

“चांगलं? बॉयलरात कोळशासोबत शिसं असलेल्या जुन्या रंगाची दारं-खिडक्या जाळतायत आणि शिसं घटलं? देवाने फुंकर मारली वाटतं! प्रमाण राख लावली होतीस?”

प्रमाण राखेतलं शिसं आधीच ठाऊक असतं. आपल्या राखेसोबत तीही आम्लात उकळून यंत्राला पाजायची, म्हणजे यंत्र खरं बोलतंय का ते कळतं. मी नव्हती लावली. त्या दिवशी दुपारी दोनला वीज जाणार होती, म्हणून घाई केली.

आता लावली. बाटलीवर लिहिलं होतं, शिसं दोन हजार. यंत्राने छापलं ‘२,०००’.

मी बाटली आणि कागद शेजारी धरले. दोन? की दोन हजार? यंत्र नवं, परदेशातून आलेलं. त्याचा स्वल्पविराम हजाराचा होता होय! मग माझा शेरा? छे, काही जुळेचना.

“अकराशे साठ,” सिसी म्हणाली. या वेळी ती चिडवत नव्हती. तिने पाळणाघराला फोन लावला आणि मी विटांच्या आवाराकडे पळालो.

मामखुलू कोपरापर्यंत राखेत होती.

“मामखुलू, थांब. एक नाही, हजाराच्या वर आहे.”

“गेल्या महिन्यात एक म्हणालास. राख तीच, विटा त्याच, एकाचे हजार कसे झाले रे? प्यायलायस का?”

“आकडाही तोच गं. मी वाचला चुकीचा.”

तिला कळेना. मलाही नीट सांगता येईना. शेवटी तिने एवढंच विचारलं, “पोरं?”

“बाहेर काढतायत.”

तिने बायकांना हाक मारून काम थांबवलं. मग माझ्याकडे वळली.

“दीड महिना हाताने मळतोय आम्ही ही राख. इथेच बसून जेवतो. आमच्या अंगात किती शिसं आहे?”

“ते कुणी मोजलं नाही, मामखुलू. आमच्याकडे फक्त राख मोजतात.”

तिने बाही आणखी वर सरकवली आणि करडा हात माझ्या नाकासमोर धरला.

“मग मला राख समज,” ती म्हणाली, “आणि मोज.”