कुठला देश घ्यायचा?

माझ्या नवऱ्याला साधी बादली घ्यायची म्हटली तरी सगळा बाजार पालथा घालावा लागतो. त्याच्यापुढे देशांची यादी ठेवणं हा माझाच वेडेपणा होता.

झालं होतं असं. खाली आमचा छापखाना, वर घर आणि दोन्हींना मिळून एकच इंटरनेट. त्याचा सगळा कारभार माझ्या थोरल्या दिरांकडे. कोण कुठली साइट उघडतं ते भाऊजींना त्यांच्या फोनवर दिसतं. मागे मी डोकेदुखीवर काही वाचलं, तर जेवताना म्हणाले, "पाणी कमी पितेस तू." माणूस वाईट नाही, पण जीव नको होतो.

आता मला दुसऱ्या गावातल्या एका प्रकाशन संस्थेत अर्ज करायचा होता. पुस्तकांची पानं संगणकावर लावायची, म्हणजे छापखान्यात मी करते तेच काम, शिवाय राहायला घर. नवराही म्हणाला होता, दोघं जाऊ, पण नक्की होईपर्यंत घरात चकार शब्द काढायचा नाही. मुदत आज संध्याकाळपर्यंत. कामाच्या नमुन्यांच्या फायली एवढ्या मोठ्या की फोनच्या नेटवरून जाईनात. म्हणून हे व्हीपीएन. आपण काय उघडतो ते दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्फत जातं, घरातल्या कोणाला पत्ता लागत नाही. फक्त देश निवडून बटण दाबायचं.

फक्त!

"स्वित्झर्लंड चांगला," नवरा म्हणाला. "कायदे कडक आहेत."

"दाब मग."

"थांब गं. आइसलंडचेही कडक आहेत. पण ते लांब पडतं."

"आपल्याला चालत जायचंय का?"

"लांब असलं की स्पीड कमी होतो. आणि पनामाबद्दल लोक फार चांगलं लिहितायत."

लोक! एकाने लिहिलं होतं, अमुक देशांवर विश्वास ठेवू नका, ते एकमेकांना माहिती पुरवतात. दुसऱ्याने लिहिलं होतं, या पहिल्यावरच विश्वास ठेवू नका. नवरा दोघांचंही मन लावून वाचत होता. मी सांगून सांगून थकले की अरे बाबा, आपल्याला कुठलं सरकार उलथवायचं नाहीये, जिना उतरून खाली बसलेल्या तुझ्या भावाला कळू नये एवढंच आहे. त्यासाठी जगातला कुठलाही देश चालेल.

"घाईत काही घेतलं की मागाहून पस्तावतो आपण," तो म्हणाला आणि पाय मोकळे करायला खाली गेला. जाताना फोनही घेऊन गेला. व्हीपीएनच्या लॉगिनचा कोड त्याच फोनवर यायचा, त्यामुळे मी नुसती हात चोळत बसले.

परत आला तो चेहरा खुललेला.

"नेदरलँड्स! स्पीड उत्तम, कायदेही बरे. दादा म्हणाला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"भाऊजींना विचारलंस?"

"मग? त्याला यातलं कळतं. फ्रिजसुद्धा आपण त्याला विचारूनच घेतला."

"कशाला हवंय म्हणून नाही विचारलं त्यांनी?"

"विचारलं ना. दादाशी खोटं कसं बोलणार?"

या घरात नवी चप्पलसुद्धा दादाला दाखवल्याशिवाय पायात जात नाही, हे काय मला माहीत नव्हतं? तरी संतापाने माझे कान तापले.

"रागावला नाही हं," तो घाईघाईने म्हणाला. "तुझं कौतुकच केलं त्याने. एवढंच म्हणाला, की तू गेलास तर मशीन कोण बघणार."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार?" तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "म्हटलं, तेही खरंच आहे."

मग मी त्याच्याकडे कोड मागितलाच नाही. घरच्याच इंटरनेटवर अर्ज उघडला, नमुने चढवले, नाव-गाव भरलं. आता लपवायचं होतं कोणापासून? शेवटी एक रकाना उरला, राहायला किती जण येणार. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"नेदरलँड्समध्ये परत शहर निवडायचंय गं," तो म्हणाला. "कुठलं घेऊ?"

मी रकान्यात 'एक' लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.