मगावरचं नाव

हेस्टरने चांदीचा मग घासूनपुसून टेबलावर ठेवला आणि तिच्या बापाच्या, ॲम्ब्रोज ऑल्डरसनच्या, घशात चहा अडकला.

"बघा बाबा, कसा लखलखतोय! आणि नाव आहेच की आधीचं कोरलेलं. बाळालाही हाच देऊ."

मगावर कोरलं होतं: ॲम्ब्रोज, १९४६. आणि समोर चहा पीत बसलेल्या ॲम्ब्रोजचा जन्म होता १९४९ चा. ही तीन वर्षांची तफावत घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण आजवर कुणाला तिची लाज वाटली नव्हती.

ऑल्डरसनांच्या घरात थोरल्या मुलाचं नाव ॲम्ब्रोज, हे ठरलेलं. पहिला ॲम्ब्रोज सव्वादोन वर्षांचा असताना डांग्या खोकल्याने गेला. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा झाला, तेव्हा आईने पाळणा तोच काढला, झबली तीच काढली, बाप्तिस्म्याचा मग तोच काढला, आणि नावही तेच ठेवलं. यॉर्कशरच्या या डोंगरांत कुणी काही फेकून देत नाही, हे खरं. सुतळीचा तुकडासुद्धा खुंटीला टांगून ठेवतील. पण माणसाचं नाव म्हणजे काय सुतळी आहे? निदान मगावरचं साल तरी बदलून आणायचं! सोनाराकडे जायला काय धाड भरली होती?

विदरबीच्या चर्चच्या आवारात, भिंतीलगत, तो थोरला झोपलेला होता. दगडावर ठळक अक्षरांत 'ॲम्ब्रोज ऑल्डरसन, आईबापाचा लाडका'. धाकटा ॲम्ब्रोज अक्षरं ओळखायला शिकला तो त्याच दगडावर. वाढदिवशी आई आधी पिवळी रानफुलं घेऊन तिथे जायची आणि मग घरी येऊन केक कापायची. वाढदिवस याचा आणि फुलं त्याला! एकदा, पाच-सहा वर्षांचा असताना, तो मागे उभा असताना आईने हलकेच हाक मारली, "ॲम्ब्रोज..." पोरगं धावत पुढे आलं. "काय गं आई?"

"तुला नाही रे," आई म्हणाली.

त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. आईही गेली. पण ते तीन शब्द आठवले की अजूनही म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"ते नाव ठेवायचं नाही," त्याने कप आपटला.

हेस्टरचा नवरा टोबी बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता, तो थबकला. बाळ पाच आठवड्यांचं. डोक्यावर गाजराच्या रंगाचं जावळ, दोन्ही घराण्यांत कुणाचं नाही असं. जन्मनोंदणीला मंगळवारची वेळ मिळाली होती आणि बाप्तिस्मा आदल्या रविवारी.

"अहो, पण किती सुंदर अर्थ आहे!" हेस्टरने नावांचं जाडजूड पुस्तक ओढलं. "ऐका. ॲम्ब्रोज. मूळ ग्रीक. अर्थ, अमर."

"अमर! सव्वादोन वर्षं जगला तो अमर! छापणाऱ्याला म्हणावं, ये इथे आणि दगड वाच."

"मग दुसरं सांगा. एडमंड? धनाचा राखणदार."

"कसलं धन? चाळीस मेंढ्या आणि गळकं छप्पर?"

"कॅल्विन. मूळ लॅटिन, म्हणजे..." तिने पान जवळ घेतलं, "टकला."

टोबी हसला. "आम्ही आधी रूफस ठरवलं होतं, बाबा. तेही लॅटिन. लाल केसांचा. याला बघूनच सुचलं. पण हेस्टर म्हणाली, तुमचा मान ठेवू."

"माझा मान?" ॲम्ब्रोज उठून उभा राहिला. "माझा कुठला मान? मला नाव दिलं ते मेलेल्या पोराच्या अंगावरून उतरवून! आता माझ्या अंगावरून उतरवून तुम्ही याला घाला. पुढे हा कुणाला देईल?"

हेस्टरचे डोळे भरून आले. "मी त्या पोराचं नाव नाही ठेवत, बाबा. मी त्याला पाहिलंसुद्धा नाही. मी तुमचं ठेवतेय. एवढं तरी करू द्या मला. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तुम्हीच उभे राहणार आहात, नाव तुमच्याच तोंडून सांगा."

लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघून म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "बरं," तो पुटपुटला. शब्द दिला. आणि रविवारपर्यंत दाराशी, कुत्र्याशी, मेंढ्यांशी, ज्याच्या-त्याच्याशी भांडत राहिला.

विदरबीत बाप्तिस्मा अजून जुन्या पोथीप्रमाणे होतो. दगडी कुंडापाशी पाद्री विचारतात, बालकाचं नाव सांगा. धर्मपित्याने जे सांगितलं ते नाव. मग मागे फिरणं नाही, निदान गावाच्या लेखी नाही. मागे एका मामाने घाबरून स्वतःचंच नाव सांगून टाकलं होतं, तर तो भाचा ते नाव घेऊनच म्हातारा झाला. त्यामुळे इथे धर्मपिता निवडताना लोक चार वेळा विचार करतात. हेस्टरने एकदाच केला.

पाद्रीबाई फिलिपा यांनी पोथी उघडली. कुंडाशेजारच्या टेबलावर मग ठेवलेला होता, साल पुढे करून. ॲम्ब्रोजच्या हातात बाळ दिलं. पोर उबदार आणि जड होतं. त्याने दोन्ही पाय ताणले, टोपी मागे सरकली आणि ते लाल जावळ सगळं बाहेर आलं.

"या बालकाचं नाव सांगा."

ॲम्ब्रोजने तोंड उघडलं. दिलेला शब्द जिभेवर होता. पण खिडकीतून भिंतीलगतचा तो दगड दिसत होता, आणि हे पोर तिथे अक्षरं शिकायला बसेल, हे त्याला दिसलं.

"रूफस," तो म्हणाला.

पाद्रीबाईंनी हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. "रूफस?"

"रूफस. पहिल्यांदाच सांगितलं ना नीट?"

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. टोबी जमिनीकडे बघून ओठ दाबत होता. पाद्रीबाईंनी क्षणभर हेस्टरकडे पाहिलं, हेस्टर बधिर उभी होती. मग त्यांनी पाणी घेतलं आणि ऑल्डरसनांच्या घरातल्या पहिल्या रूफसच्या कपाळावर ओतलं. पोराने चर्च डोक्यावर घेतलं.

शेजारच्या सभागृहात चहा मांडला होता. हॅमची सँडविचेस, फळांचा केक आणि त्यासोबत चीज. हेस्टरने कशालाच हात लावला नाही. तिने बापाला आवारात गाठलं.

"शब्द दिला होतात! सगळ्या गावासमोर माझी शोभा केलीत. का, ते तरी सांगा!"

"कारण ते माझं आहे!" ॲम्ब्रोज ओरडला. "पंच्याहत्तर वर्षं वापरलंय मी ते. त्या नावाने शाळेत छड्या खाल्ल्या, त्या नावाने तुझ्या आईशी लग्न केलं, त्या नावाने तिला पुरलं. त्या पोराने सव्वादोन वर्षं वापरलं फक्त! माझं आहे ते. मी जिवंत असताना कुणाला देणार नाही. तुझ्या पोरालाही नाही."

बोलून झाल्यावर तो स्वतःच चपापला. असं तो आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. हेस्टर पाय आपटत सभागृहाकडे निघाली.

त्याच्या कोटाच्या खिशात तो चांदीचा मग होता. टेबलावरून उचलताना कुणी पाहिलं नव्हतं. तो भिंतीकडे गेला, गुडघे कुरकुरत असताना खाली वाकला आणि तो मग त्याने दगडाच्या पायथ्याशी गवतात घट्ट रोवला.

"घे," तो म्हणाला. "हा तुझा. साल तुझंच आहे त्यावर. झबली फाटली, पाळणा वाळवीने खाल्ला, ते काही परत मिळायचं नाही. आणि नावाचं तर विचारूच नकोस."

सभागृहाच्या दारातून हेस्टरचा आवाज आला. अजून चिडलेलाच होता, सगळ्या आवारात घुमला.

"ॲम्ब्रोज ऑल्डरसन! हट्टी म्हातारे आहात तुम्ही! चहा निवतोय!"

म्हाताऱ्याने दगडाकडे पाहिलं नाही.

"आलो गं," तो म्हणाला, आणि उठला.